भाग्यक्काची दाढ

बसवनगुडीत गांधी बझारच्या मागच्या गल्लीत कुणालाही विचारा, कुच्चुवाली भाग्यक्का कुठं राहते, तर माणूस बोट दाखवायच्या आधी हसतो. बाईच तशी आहे. साडीच्या पदराला रेशमाचे गोंडे बांधतात ना, त्याला इथं कुच्चु म्हणतात, आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या लग्नाच्या साड्यांचे पदर भाग्यक्काच्या हाताखालून जातात. हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं. गिऱ्हाईक आपलं मराठी असो की कन्नड, "बन्नी अक्का, कूतकोळ्ळी" म्हणून बसवायचं, कॉफी पाजायची आणि ती संपायच्या आत घरातली सगळी बित्तंबातमी काढून घ्यायची. तिचं पूर्ण नाव भाग्यलक्ष्मी, पण तेवढं लांबलचक म्हणायला वेळ कुणाला आहे?

नवरा विश्वासराव, होसकोट्याला एका कारखान्यात स्टोअरकीपर. अतिशय सज्जन माणूस, म्हणजे कुणालाच नाही म्हणता न येणारा. घराणं मराठा. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज घोड्यावरून इकडं आला आणि इथली कॉफी प्यायल्यावर परत जायचं विसरला, असं ते पाहुण्यांना सांगतात. तेव्हा इथं कॉफी होती का, असं त्यांना विचारायचं नाही. पोर एकच, रम्या. तिचं लग्न व्हाइटफील्डच्या अभिराजशी ठरलेलं, मुहूर्त बावीस दिवसांवर आलेला, घरात सनई वाजायची तेवढी बाकी.

आणि अशा या घरात एक विचित्र रीत होती. भाग्यक्का एकदा हसली तर ठीक. दोनदा हसली तरी चालेल. तिसऱ्यांदा खळखळून हसली की विश्वासराव हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचे आणि हळूच विचारायचे, "काल झोप लागली होती ना गं?"

राग नाही येणार? येणारच. पण ते बिचारे तरी काय करणार? दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

त्याचं असं झालं होतं. वीस वर्षांपूर्वी, रम्या चार वर्षांची असताना, घरात धाकट्या दिराचं लग्न निघालं. लग्नाच्या आधी भवानीचा गोंधळ घालायचा, ही या घराण्याची कुळरीत. बेंगळुरात चिकनगुनियाची साथ चालू होती. भाग्यक्का त्या तापातून उठून जेमतेम आठवडा झाला होता, सांधे दुखत होते, पण अंगात कसलीशी वीज खेळत होती. निपाणीकडचे गोंधळी आले, दिवटी पेटली, संबळ कडाडला आणि भाग्यक्का जी नाचायला लागली ती थांबेचना. डोळे लखलखीत, तोंडाला खळ नाही, अंगाला घाम नाही. झालं! म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि कुंकवाच्या कोयऱ्या उघडल्या. "देवी आली! भाग्यलक्ष्मीच्या अंगात देवी आली!"

नऊ दिवस ती झोपली नाही, आणि नऊ दिवस दारात चपलांचा खच. कुणाला नोकरीचं विचारायचंय, कुणाला नवसाचं. एकीची कुडी हरवली होती, तिला भाग्यक्कानं ठणकावून सांगितलं, "पिठाच्या डब्यात बघ." आणि अय्यो देवा, ती खरंच पिठाच्या डब्यात निघाली! मग काय विचारता? रांग पार कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत गेली. घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी नारळ फोडले. दहाव्या दिवशी तिनं स्वतःच्या सगळ्या साड्या रस्त्यावर वाटून टाकल्या आणि देवीचं वाहन आणायचं म्हणून चालत म्हैसूरला निघाली, तेव्हा कुठं विश्वासरावांची पाचावर धारण बसली आणि तिला इस्पितळात नेलं. आजाराचं नाव बायपोलर. आधी मन आभाळाला भिडतं, मग पाताळात जातं. पुढचे पाच महिने भाग्यक्का भिंतीकडं तोंड करून पडून होती. कुड्या शोधून घेणाऱ्यांपैकी एकही माणूस तेव्हा फिरकला नाही.

त्यानंतर असे दोन फेरे आले. दुसऱ्यात रम्याचं शाळेतलं पहिलं नाटक हुकलं. तिसऱ्यात, कोविडच्या वर्षी, रम्याच्या बारावीचा निकाल लागला आणि तिनं पेढा पुढं केला, तर आईनं तो हातात घेऊन नुसता धरून ठेवला. हे भाग्यक्का विसरलेली नाही. लिथियमची गोळी ती न चुकता घेते. गोळीनं हात जरासा कापतो, तर तिनं दोन्ही कोपरं टेबलावर दाबून गाठ मारायची युक्ती काढली, आणि तिच्या कुच्चुची गाठ आजही गल्लीत सगळ्यांत घट्ट बसते. बाकी तिचं मागणं एवढंच होतं, की लेकीच्या लग्नात आपण सबंध असावं. खाटेवर नको, आभाळातही नको.

पण नणंदेनं वेगळंच ठरवलं.

नणंद म्हणजे शालनक्का, विश्वासरावांची थोरली बहीण, राहणार होसकोटे. मनानं वाईट नाही हो, पण जगातली सगळी लग्नं आपल्या जिवावर उभी राहतात अशी तिची खात्री. एका दुपारी ती आली, पंख्याखाली बसली आणि भावाला म्हणाली, "विशू, गोंधळाच्या दिवशी भाग्याला माझ्या घरी ठेवू. संबळ वाजला आणि हिला परत काही झालं तर? व्याह्यांसमोर शोभा नको. दुसऱ्या दिवशी थेट लग्नाला आणू."

आतल्या खोलीत भाग्यक्का मोरपंखी पदरावर गाठ मारत होती. तिनं सुई खोचली आणि तशीच बाहेर आली. "माझ्या लेकीचा गोंधळ, आणि मी होसकोट्यात बसून काय करू शालनक्का? तुमच्या म्हशी मोजू?"

"चिडू नकोस. तुझ्याच भल्याचं बोलतेय."

"माझं भलं मला विचारून करा की स्वल्प!"

विश्वासराव दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिले. शेवटी तोड निघाली ती अशी: रोज रात्री भाग्यक्काची सहा तास झोप झाली पाहिजे. विश्वासरावांनी ती डायरीत लिहायची. गोंधळाच्या दिवसापर्यंत एकदाही झोप मोडली नाही, तर ती दिवटीसमोर उभी राहील. मोडली, तर होसकोटे. भाग्यक्कानं हो म्हटलं. मनात मात्र तिचा तिळपापड झाला. शाळेतल्या पोरीला प्रगतिपुस्तक असतं, पंचेचाळीस वर्षांच्या आईला असतं का?

अकरा दिवस सुरळीत गेले. साडेसहा तास, सात तास, एकदा तर आठ. बाराव्या दिवशी खालची दाढ ठणकायला लागली.

आता सरळ माणूस काय करेल? सांगेल. पण भाग्यक्कानं विचार केला, आपण नुसतं शिंकलो तरी शालनक्का होसकोट्याची गाडी बोलवेल. तिनं दाढेत लवंग धरली आणि गप्प राहिली. तिचं गप्प राहणं तिला स्वतःलाच नवीन होतं. गाल जरा सुजला तर पदर ओढून घेतला. रम्यानं विचारलं, "आई, जेवत का नाहीस?" तर म्हणाली, "लग्नात फोटो चांगला यायला नको का?"

पंधराव्या दिवशी पहाटे तिला जाग आली आणि वाटलं, अहाहा! अंग हलकं, डोकं लखलखीत. समोरच्या साड्यांचे रंग एरवीपेक्षा ताजे दिसत होते. दूधवाला यायच्या आत तिनं चार पदर पुरे केले, रव्याचे लाडू वळायला घेतले, आणि वऱ्हाडाला म्हणून एक गाणंही जुळवलं. सगळं इतकं गोड वाटत होतं, की सातव्या लाडवाला तिचा हात थांबला.

हे गोड तिच्या ओळखीचं होतं.

ती मोरीजवळच्या पायरीवर बसली. विश्वासराव अजून घोरत होते. म्हणजे त्यांना कळलेलं नव्हतं. डायरीत सहा तास लिहून टाकतील बिचारे. सात दिवसांचा तर प्रश्न, निभावून नेऊ, असं एक मन म्हणालं, आणि तेच मन असंही म्हणालं, की तुला काही झालेलं नाही, तू नुसती आनंदात आहेस, मुलीचं लग्न आहे, आनंदात असायला चोरी आहे का? हे मन भारी हुशार. मागच्या तिन्ही वेळा त्यानं हेच सांगितलं होतं.

सांगावं तर होसकोटे. न सांगावं तर म्हैसूर. भाग्यक्काला रडू आलं, मग स्वतःच्याच कोटीचं हसू आलं, आणि हसताना दाढेतून अशी कळ गेली की तिला एकदम डॉक्टर पवित्रा आठवल्या.

इस्पितळातल्या या तरुण डॉक्टरीणबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भाग्यक्काला एका अभ्यासात घेतलं होतं. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. अभ्यास कशाचा, तर शरीराची रोगाशी लढायची ताकद आणि हा मनाचा आजार, यांचं आपसांत काय नातं आहे याचा. त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या तिन्ही फेऱ्यांच्या आधी अंगात काही दुखणं होतं का?" भाग्यक्कानं बोटं मोजली आणि तिचे डोळे मोठे झाले. पहिल्या वेळी चिकनगुनिया. दुसऱ्या वेळी पायावरचं गळू. तिसऱ्या वेळी कोविड.

"सगळ्यांचं असं होत नाही," डॉक्टर पवित्रा म्हणाल्या होत्या. "होतं त्यांचंही दर वेळी होत नाही. आमचा अभ्यास चालूच आहे. पण जंतू शिरले की अंगातले पहारेकरी शिट्ट्या फुंकत धावतात, आणि तो गोंगाट मेंदूपर्यंत पोचतो असं दिसतंय. ज्याची झोप मुळात सावध, तो आधी दचकून उठतो."

"म्हणजे आमच्या गल्लीत कुत्री भुंकली की आधी माझाच दिवा लागतो, तसं!" भाग्यक्का म्हणाली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी ते वाक्य हसत हसत वहीत लिहून घेतलं होतं.

तर भाग्यक्का उठली. केस विंचरले, जुनी जाडजूड फाइल काखेत मारली, उशाशी चिठ्ठी ठेवली, "इस्पितळात जाते, चालत नाही, ऑटोनं," आणि निघाली. अभ्यासाला रक्त द्यायला जाणं वेगळं; आजाराची चाहूल लागल्यावर ती स्वतःच्या पायांनी, कुणी न ओढता, त्या दारात वीस वर्षांत प्रथमच जात होती.

डॉक्टर पवित्रा यायला वेळ होता. एका नवख्या डॉक्टरनं रक्त काढायला लावलं, तासाभरानं कागद पाहिला आणि म्हणाला, "पांढऱ्या पेशी चौदा हजार. पण लिथियम घेणाऱ्यांच्या त्या जरा वाढलेल्याच असतात. काळजी नको."

"माझ्या किती वाढलेल्या असतात?" भाग्यक्कानं विचारलं.

"अं?"

तिनं फाइल उघडली. "हे बघ बाळा, दोन वर्षांत आठ वेळा रक्त दिलंय. दहा हजार, दहा हजार दोनशे, नऊ हजार आठशे. चौदा कधी होत्या? गोळी तीच, बाई तीच, मग चार हजार जास्तीचे पहारेकरी आले कुठून? माझ्या दाढेत बघ. आणि ती सूज कळायची तपासणी असते ना, सीआरपी, तीही कर."

मागं येऊन उभ्या राहिलेल्या डॉक्टर पवित्रा म्हणाल्या, "कर. बाई तुझ्यापेक्षा जुन्या आहेत इथं."

सीआरपी चांगलाच चढलेला निघाला. दाढेखाली पू झाला होता. दुपारपर्यंत दाढ बाहेर! दंतवैद्यानं आधीच्या गोळ्यांची यादी पाहून जंतूंवरचं औषध बेतानं निवडलं, आणि दुखतंय म्हणून दुकानातनं कुठलीही गोळी आणून खायची नाही, लिथियमशी तिचं वैर असू शकतं, असं दोनदा बजावलं. डॉक्टर पवित्रांनी रात्रीचं औषध थोड्या दिवसांसाठी वाढवलं. "नीट ऐका," त्या म्हणाल्या, "दाढ काढली म्हणजे आजार काढला असं नाही. तो आहेच. पण या वेळी तुम्ही त्याला उंबऱ्यावरच पकडलंत. त्याच्या आधी येऊन पोचलात."

"गोंधळाला उभी राहू का?"

"झोप परत आली तर का नाही? त्या दिवशी सकाळी मला फोन करा."

भाग्यक्का घरी आली तेव्हा गाल टमाट्यासारखा, तोंडात कापूस, आणि दिवाणखान्यात दरबार भरलेला. विश्वासराव, रम्या, आणि होसकोट्याहून धावत आलेली शालनक्का, जिनं पिशवी भरूनही ठेवली होती. भाग्यक्काच्या साड्या, टॉवेल, सगळं तय्यार.

"मी सांगत होते!" शालनक्का उठली. "झोप मोडली की नाही? चल आता."

भाग्यक्काला बोलता येत नव्हतं. केवढा तो दैवदुर्विलास, आयुष्यात एकदा खरंच मोठं भाषण करायची वेळ आली तर तोंडात कापूस! तिनं पर्समधून काडेपेटी काढली, उघडली आणि टीपॉयवर उपडी केली. दोन मुळांची किडकी दाढ टुणकन बाहेर पडली.

"शी! हे काय?" शालनक्का दोन पावलं मागं सरली.

"ही देवी," भाग्यक्का कापसातून म्हणाली. "हिला करा काय नमस्कार करायचा तो."

रम्याला हसू आवरेना. ती हसता हसता आईच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. मग तिनंच फाइलमधले कागद काढून आत्याला सगळं समजावलं, पहारेकऱ्यांपासून सीआरपीपर्यंत. शालनक्कानं ऐकून घेतलं, पण गाडी रुळावरून हटेना. "ते सगळं सरी, बरोबर. पण ठरलं ते ठरलं. झोप मोडली ना? विशू, तू बोल."

आणि विश्वासराव बोलले! त्यांनी डायरी पुढं ओढली. "अक्का, या पानावर आज सकाळी मी सहा तास लिहिले होते. मला काही कळलंच नव्हतं. मी घोरत होतो. कळलं ते हिला." त्यांनी ते पान बहिणीपुढं सरकवलं. "हिनं ठरवलं असतं तर लपवलं असतं. लपवलं नाही. मग पहारा मी करतोय की ही करतेय? ही कुठंही जाणार नाही. आणि ही डायरी आजपासून बंद."

नाही न म्हणणाऱ्या माणसाचं पहिलं नाही ऐकून शालनक्का मट्कन खाली बसली. थोड्या वेळानं तिनं पिशवीतल्या साड्या काढून कपाटात लावायला घेतल्या आणि कुणाकडं न बघता पुटपुटली, "गालाला हळद-चुना लावा म्हणावं. फोटोत वाईट दिसेल." भाग्यक्कानं हळद-चुना लावला नाही, पण नणंदेच्या ताटात रात्री लाडू मात्र चार वाढले.

पहिल्या रात्री साडेतीन तास. दुसऱ्या रात्री पाच. भाग्यक्कानं शिलाईचं काम शेजारणीला दिलं, गाणं जुळवायचं थांबवलं, तिन्हीसांजेला दिवे मंद केले. जीव रमेना, हात शिवशिवत. चौथ्या रात्री सात तास लागली आणि सकाळी साड्यांचे रंग नेहमीचे दिसले. नेहमीचे रंग बघून एवढा आनंद झालेली बाई बसवनगुडीत दुसरी नसेल.

गोंधळ लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, हॉलच्या अंगणात. हॉलवाल्यांचा नियम म्हणून सहालाच सुरू. निपाणीकडचा ज्योतिबा गोंधळी, गळा असा की छपरावरची कबुतरं उडाली. चौक मांडला, दिवटी पेटली, संबळ कडाडला. व्याही, व्याहीणबाई, चुलत-मावस सगळे गोल करून बसले होते, आणि खरं सांगायचं तर निम्मे लोक देवीकडं न बघता भाग्यक्काकडं बघत होते. तिला ते कळत होतं. तिनं ठरवलं होतं, हात जोडून गुमान उभं राहायचं, ओठ जास्त हलवायचे नाहीत, हसायचं बेतानं.

पण रम्या आली की! हिरवा चुडा, हळदीनं माखलेले गाल, आणि भर चौकात येऊन आईचा हात ओढून म्हणाली, "नाच ना आई." भाग्यक्कानं विश्वासरावांकडं पाहिलं. विश्वासराव उठले आणि स्वतःच नाचायला लागले. अगदी भयंकर नाचले. मग कसला बेत आणि कसलं काय! भाग्यक्का नाचली, गालाची सूज विसरून, पदर खोचून, लेकीच्या दोन्ही हातांना धरून. अभिराज आला, व्याहीणबाई आल्या, शेवटी शालनक्कासुद्धा गुडघ्यावर हात ठेवून दोन गिरक्या घेऊन गेली. भाग्यक्का तिसऱ्यांदा हसली, चौथ्यांदा हसली, मोजणारं कुणी राहिलंच नव्हतं.

नऊच्या सुमारास ज्योतिबानं लय चढवली. सगळं अंगण टाळ्यांनी घुमायला लागलं, रंग आता कुठं भरात आला होता, आणि भाग्यक्का मधेच थांबली. लेकीचे हात सोडले. कडेला आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

विश्वासरावांचा चेहरा पांढरा पडला. रम्या धावली. शालनक्का धावली. "काय झालं? आई, काय होतंय?"

भाग्यक्कानं तोंडावर हात धरून मोठ्ठी जांभई दिली.

"काही नाही गं," ती म्हणाली. "मला झोप येतेय. उद्या माझ्या लेकीचं लग्न आहे, मला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचंय."

आणि संबळ वाजत असताना ती वरच्या खोलीत जाऊन झोपली. विश्वासराव दाराशी बराच वेळ डोळे पुसत उभे होते. आतून भाग्यक्काच्या घोरण्याचा आवाज येत होता.